तेंदूपत्त्याचा फड: मुन्शी गेला, आता वाद कोण मिटवणार?

मे महिन्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात गावच्या गाव एकाच कामाला लागतं. पहाटे बिडी वळायला लागणारी तेंदूची पानं तोडायची, दुपारी सावलीत पुडे बांधायचे, संध्याकाळी फडावर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. पुढे पुडे उन्हात पलटवणारे, पाणी शिंपडणारे, गोणी भरणारे वेगळे. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. त्यात अवकाळी पाऊस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून फडावर भांडण पेटलं तरी ते उद्यावर ढकलायची सोय नसते.

हल्ली ग्रामसभेच्या पदाधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं म्हटलं की त्यात 'संघर्ष व्यवस्थापन' आणि 'नेतृत्व' हमखास असतं. शांत राहा, समोरच्याचं ऐकून घ्या, राग आवरा. यात चूक काही नाही. पण फडावरचे वाद माणसांच्या स्वभावातून फार थोडे आले आहेत. निर्णय कुणाच्या हातात, हे ज्या-ज्या वेळी बदललं, त्या-त्या वेळी भांडणाचीही जात बदलली.

मालगुजारी आणि जमीनदारी 1951 मध्ये संपली आणि जंगलावर सरकारचा हक्क पक्का झाला. 1969 च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापारही महाराष्ट्र सरकारने स्वतःकडे घेतला. जंगलाचे घटक पाडायचे, लिलाव करायचा, मजुरीचा दर ठरवून द्यायचा, ही कामं वनविभागाची. फड चालवायचा ठेकेदाराने. फडावर ठेकेदाराचा माणूस म्हणजे फडमुन्शी. त्याच्याच हातात वही, मोजणीही त्याचीच आणि माल पास-नापास करणंही त्याच्याकडेच.

हा मुन्शी समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. पुडा 70 पानांचा. मुन्शी ढिगातला एखादा पुडा उचलणार, बोटांनी दाबून बघणार, सोडून मोजणार. चार पानं कमी निघाली, पान फाटकं किंवा जून निघालं, की पुडा बाजूला. बाई म्हणणार, "पुन्यांदा मोजून पाय ना भाऊ." मागे रांग खोळंबलेली, अंधार पडत आलेला. दुसऱ्यांदा मोजायचं की नाही, हेही मुन्शीच ठरवणार. काही फडांवर शेकड्यामागे दोन-चार पुडे वरचे मागून घ्यायची रीत होती. ते पुडे वहीत चढत नसत. मुन्शीचा पगार ठेकेदाराकडून, म्हणजे वादातला एक पक्षच न्यायाधीश होऊन बसलेला. तक्रार करायची तर वनरक्षकाकडे, आणि त्याच्याशी तर सरपणापासून घराच्या लाकडापर्यंत रोजचं काम. कोण वाकडं घेणार?

त्यामुळे भांडण मिटत नव्हतं, गिळलं जात होतं. 1980 नंतर गडचिरोलीत शिरलेल्या नक्षलवाद्यांनी सुरुवातीलाच तेंदूपत्त्याच्या मजुरीचा प्रश्न उचलला, तो यामुळेच. दर वाढले, हे खरं. पण ठेकेदारांकडून खंडणी सुरू झाली आणि वादाचा निकाल बंदुकीकडे गेला. मजूर होता तिथेच राहिला; आधी मुन्शीपुढे गप्प, नंतर दोघांपुढे.

याच काळात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात वेगळी वाट तयार होत होती. इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांच्या विरोधातल्या आंदोलनातून पुढे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते गावाच्या कारभाराकडे वळले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याइतकी चर्चा न झालेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात हवा तितका खल करा, बाहेरच्या जाणकाराला बोलवा, वाद घाला. निर्णय मात्र तिथे नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत. हरलेला गटच उरत नाही, त्यामुळे पुढच्या कामात पाय ओढायला कुणी नसतं. वेळ खूप जातो, हे मात्र मान्य केलंच पाहिजे.

कायदे नंतर आले. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या पेसा कायद्याने गावाच्या रूढ पद्धतीने वाद सोडवण्याला मान्यता दिली. महाराष्ट्राचे नियम यायला 2014 उजाडलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. 2012 च्या दुरुस्तीने वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, अशी अट घातली. 2013 च्या सुमारास गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या.

आणि फडावरचं मुन्शीचं टेबल गावातल्याच बारावी झालेल्या पोराकडे आलं. आता पुडा परत करायचा तो सख्ख्या काकूचा. "कालपर्यंत माह्या अंगाखांद्यावर खेळला, अन् आज माहा पुडा फेकतो काय रे?" यावर कुठल्या प्रशिक्षणात उत्तर आहे? पोरगं डोळे झाकून पुडा घेतं, गोणीत माल हलका भरतो, खरेदीदार भाव पाडतो आणि सभेत अध्यक्षाला जाब विचारला जातो. ठेकेदाराचा मुन्शी एका बाजूला झुकलेला होता, हा दुसऱ्या बाजूला. तपासणीला शेजारच्या गावचा माणूस बसवला आणि आपला तिकडे पाठवला, तर निम्मी कुरबूर तिथेच थांबेल असं मला वाटतं.

रॉयल्टीचं, म्हणजे लिलावातून मजुरीवर मिळणाऱ्या जादा रकमेचं, वाटप हा त्याहून अवघड मामला. पुड्यांच्या हिशेबाने वाटायची की घरटी सारखी? म्हातारी, एकटी बाई, जी पुडे कमी बांधते, तिचं काय? बरेचदा पुड्यांची नोंद होते ते तेंदूकार्ड नवऱ्याच्या नावावर आणि पुडे बायकोच्या हातचे, तो हिशेब कुणी मांडायचा? हे हंगामात ठरवायला गेलं की डोकी फुटतात. सर्वसहमतीला लागणारा वेळ मे महिन्यात नसतो, पण जानेवारीत, लिलावाच्या आधी, असतो. दर, पुड्याची तपासणी, वाटपाची रीत आणि मोजणीवर हरकत आली तर दुसऱ्यांदा मोजणारा कोण, हे सगळं तेव्हाच सभेत बोलून इतिवृत्तात लिहून घ्यायला हवं.

बाजार पडला की या सगळ्याची परीक्षा होते. 2017 मध्ये तेंदूपत्त्यावर 18 टक्के जीएसटी लागला; बिडीची मागणी तर आधीपासूनच घटत होती. लिलावात माल घेणाऱ्या ठेकेदाराचा हप्ता थकला की मजूर आता वनविभागाच्या दारात जात नाही, करारावर ज्याची सही आहे त्या अध्यक्षाच्या अंगणात येऊन बसतो. म्हणून गोदामातून गोणी उचलण्याआधी पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात, हे कलम करारात हवंच, आणि सही एकट्या अध्यक्षाची नको.