अवकाशविज्ञानातील पीएचडी, नवी मुंबई

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र, आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर), सौरवारा (सूर्याकडून वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत) आणि अवकाशातला विरळ प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) यांवर मौलिक संशोधन करून विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळवण्याची प्रक्रिया. प्रमाणपत्रावर ‘विद्यावाचस्पती’ लिहिलेले असले तरी बोलताना सगळे पीएचडीच म्हणतात. नवी मुंबईत ही पीएचडी मुख्यतः नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत होते. मात्र तिच्यात पनवेलला मोजलेले असे फारसे काही नसते. आकडे अलिबागचे, तिरुनेलवेलीचे, कोल्हापूरचे किंवा थेट अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरचे. पदवी मुंबई विद्यापीठासारख्या एखाद्या विद्यापीठाची. फेलोशिप दिल्लीहून येणारी. पनवेलला असतात ते गाईड, संगणक आणि उमेदवाराची पाच-सहा वर्षे.

असे का, याचे उत्तर ट्रामपाशी सापडते. संस्था स्वायत्त झाली १९७१ मध्ये, पण तिचे मूळ १८२६ च्या कुलाबा वेधशाळेत आहे. तिथे चुंबकीय नोंदी १८४१ पासून होऊ लागल्या. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि थोडाफार जमिनीतून परत जातो, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेतल्या नाजूक लोलकचुंबकांना सूर्यावरच्या घडामोडींपेक्षा कितीतरी जवळचे. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारून घेतली. तिच्या बांधकामात पोरबंदरचा दगड, तांबे आणि पितळ वापरले. लोखंड कटाक्षाने टाळले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणून जागा बदलूनही मालिका तुटली नाही. ट्राम १९०७ मध्ये धावली. आज संस्थेचे मुख्यालय कळंबोली महामार्गाच्या आणि हार्बर लाइनच्या शेजारी आहे. मूस यांनी ही जागा पाहिली असती तर कपाळाला हात लावला असता. पण मोजणी अलिबागलाच राहिली असल्याने बिघडले काहीच नाही.

या अखंड मालिकेची किंमत १८५९ च्या एका नोंदीवरून कळते. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरचा प्रचंड झोत डोळ्यांनी पाहिला आणि साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली मोठी खळबळ, आले. कुलाब्याला निरीक्षक एरवी तासाला एक वाचन घेत. त्या दिवशी त्यांनी ती काही मिनिटांच्या अंतराने घेतली, म्हणून क्षेत्राच्या आडव्या घटकात झालेली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट कागदावर उतरली. शांत दिवशी हा घटक पन्नासेक नॅनोटेस्ला वरखाली होतो आणि शंभरांची घट झाली की वादळ तीव्र मानतात. त्यापुढे १६०० म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. या नोंदींवरून ब्रूस त्सुरुतानी, संस्थेचे गुरबक्स लखिना आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्या वादळाचा नव्याने हिशेब मांडला. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी न कंटाळता लिहून ठेवलेले आकडे हे या विषयातले खरे भांडवल आहे.

उमेदवाराचा पहिला संबंध येतो तो या आकड्यांच्या आजच्या रूपाशी. मिनिटाला एक वाचन, म्हणजे दिवसाच्या फाइलमध्ये १४४० ओळी. अलिबागला आडवा घटक ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतो, त्यामुळे रकान्यात सारखे ३८ ने सुरू होणारे आकडे दिसतात. मध्येच कुठे ९९९९९ येतो. वीज गेली किंवा यंत्र बंद पडले तर आंतरराष्ट्रीय संकेतानुसार त्या मिनिटापुढे हा आकडा टाकतात. अर्थ एवढाच की इथे नोंद नाही. नवखा विद्यार्थी तो गाळायला विसरतो आणि आलेखावर त्याला जगाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वादळ दिसते. उत्साहाने तो गाईडकडे धावतो. गाईड पडद्याकडे एकदा बघतात आणि म्हणतात, ‘नाइन्टी-नाइन काढलेस का रे आधी?’ पहिले वर्ष असे आकडे निवडण्यात जाते, जसे तांदळातले खडे.

सगळेच काम फाइलींवर होत नाही. कोल्हापूरला एअरग्लो, म्हणजे रात्रीच्या आकाशाची वरच्या वातावरणातून येणारी अगदी मंद प्रभा, कॅमेऱ्यांनी टिपतात. त्यासाठी निरभ्र आणि बिनचांदण्याच्या रात्री लागतात, म्हणजे पावसाळा पूर्ण वाया आणि महिन्यातला शुक्ल पक्षही बराचसा वाया. तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे दिवसा आकाशात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर वाहणारा विषुववृत्तीय विद्युतझोत अभ्यासता येतो. काहीजण यंत्राला हातही न लावता प्लाझ्मातल्या लहरींची समीकरणे सोडवतात. सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल१ हे भारताचे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पंधरा लाख किलोमीटरवरच्या कक्षेत पोहोचले, आणि त्याच वर्षी १०-११ मे रोजी गेल्या वीस वर्षांतले सर्वांत जोरदार वादळ आले. लडाखमधल्या हानले येथून आकाश लाल दिसले. तेव्हा प्रबंधाच्या मधल्या टप्प्यात असलेल्यांना आयतेच प्रकरण मिळाले. विषय निवडताना अशा नशिबाचाही वाटा असतो, हे सहसा कुणी लिहीत नाही.

प्रवेशासाठी एमएस्सी भौतिकशास्त्र किंवा भूभौतिकी लागते, शिवाय सीएसआयआर-नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा आणि मुलाखत. नेटमध्ये ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर वाट सोपी होते, कारण पैसे उमेदवार स्वतःबरोबर घेऊन येतो. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. फेलोशिप एकूण पाच वर्षांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. हिशेब सरळ आहे: सहाव्या वर्षी पैसे थांबतात आणि काम थांबत नाही. त्या वर्षी शिकवण्या घेणारे, आईबाबांकडे परत राहायला जाणारे आणि ‘अजून किती?’ या प्रश्नाला उत्तर देणे सोडून दिलेले उमेदवार पनवेल ते ठाणे कुठेही भेटतील.

संस्था आणि विद्यापीठ वेगळे असल्याने कागदपत्रांची एक समांतर पीएचडी करावी लागते. संस्थेत रुजू होणे ही एक तारीख, विद्यापीठात नोंदणी होणे ही दुसरी. वर्षांची मोजणी दुसरीपासून होते. गाईडला विद्यापीठाची मान्यता हवी आणि त्यांच्याकडे जागा रिकामी हवी, कारण प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. कोर्सवर्क किमान बारा श्रेयांकांचे. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची, तिला सगळे आरएसी म्हणतात. एखाद्या शिक्क्यासाठी कलिन्याला मुंबई विद्यापीठात जायचे म्हटले की हार्बरने कुर्ला, तिथून रिक्षा किंवा बस, आणि सही करणारे साहेब रजेवर. नियमांत शोधनिबंध छापून येण्याची सक्ती २०२२ पासून उरलेली नाही. तरी या क्षेत्रात निबंधाशिवाय प्रबंध सादर करायला कोणताही शहाणा गाईड सहसा होकार देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

ठाण्याहून येणाऱ्यांची वाट ठरलेली असते. बीएस्सी चेंदणी खाडीकाठच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयात किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात, एमएस्सी बहुधा कलिन्याला, आणि मग ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल. परिसरात भौतिकशास्त्राचे इतर पर्यायही आहेत: वाशीच्या पुलापलीकडे अणुशक्तीनगरला २००५ मध्ये स्थापन झालेली होमी भाभा राष्ट्रीय संस्था, कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. या दोन्ही स्वतःची पदवी देतात, त्यामुळे कलिन्याच्या खेपा वाचतात. पृथ्वीच्या चुंबकत्वासाठी मात्र पनवेलच.

प्रबंध लिहून झाला की सिनॉप्सिस, म्हणजे त्याचा गोषवारा, मग साहित्यचौर्य तपासणी, मग किमान दोन बाह्य परीक्षकांकडे रवानगी. अहवाल येईपर्यंतचे महिने सर्वांत लांब वाटतात. या काळात करण्यासारखे काही नसते. मौखिक परीक्षा खुली असते, म्हणजे कुणीही येऊन बसू शकतो आणि प्रश्न विचारू शकतो. प्रत्यक्षात मागच्या रांगेत इस्त्रीची साडी नेसलेली आई असते, तिच्या शेजारी मामा, आणि पुढे हातात वही घेतलेले ज्युनियर. परीक्षकांनी ‘तुमच्या आकड्यांतली त्रुटी किती?’ असे विचारले की खोली शांत होते. पाऊण-एक तासाने उमेदवाराला बाहेर पाठवतात, परत बोलावतात, आणि पहिल्यांदा ‘डॉक्टर’ म्हणतात. समोसे आणि पेढे उमेदवारानेच आणलेले असतात. अंतिम प्रबंधाची प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळासाठी द्यावी लागते, आणि विद्यापीठाची अधिसूचना निघाली की नोकरीच्या अर्जाला तीच जोडतात. पदवीचा कागद दीक्षान्त समारंभानंतर येतो.