‘थोडीफार येते’ म्हणणाऱ्यांसाठी : नव्या देशात लायसन्स काढताना

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन करणारे बरेच जण ‘थोडीफार येते’ असं सांगूनच सुरुवात करतात. लायसन्स आहे पण गाडी फारशी चालवली नाही, किंवा कधीतरी शिकून घेतली आणि मग स्टिअरिंगला हातच लावला नाही. आता नव्या देशात आलात, गाडीवाचून अडतंय आणि परीक्षा पुन्हा द्यायची आहे. हे पत्रक तुमच्यासाठी लिहिलं आहे.

पहिली विनंती अशी, की किती चालवली आहे ते आम्हाला खरं सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. लायसन्स आठ वर्षांचं जुनं आहे एवढंच कळलं, तर शिक्षक तुम्हाला पहिल्याच दिवशी भर रहदारीत नेईल. तिथे घाबरलात की पुढचे चार तास ती भीती घालवण्यातच जातात. रिकाम्या जागेत वीस मिनिटं गाडी पुढेमागे केलेली केव्हाही बरी.

जुन्या लायसन्सचं काय करायचं?

ते फेकू नका आणि त्याच्यावर विसंबूनही राहू नका. काही देशांचे आपसात करार असतात, त्यामुळे एका देशाचं लायसन्स दुसऱ्या देशात परीक्षा न देता बदलून मिळतं. तुमचं त्यात बसतं का, हे तिथल्या परवाना कार्यालयात सर्वांत आधी विचारा. बसत असेल तर आमची फी भरण्याचीही गरज नाही.

आंतरराष्ट्रीय परवान्याबद्दल खूप गैरसमज आहेत. तो म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचं अनेक भाषांतलं अधिकृत भाषांतर. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो; १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षं. पण ही सोय मुळात पाहुण्यांसाठी आहे. कायम राहायला आलेल्याला बहुतेक देशांत ठरावीक मुदतीत स्थानिक लायसन्स काढावंच लागतं. ही मुदत देशागणिक वेगळी असते, म्हणून आल्या आल्या चौकशी करा.

हात नंतर, आधी नजर

अर्धवट शिकलेल्यांना वाटतं, आपलं अडतंय ते क्लच आणि गिअरशी. आमचा अनुभव वेगळा आहे. क्लचवर पाय काही दिवसांत बसतो. बसत नाही ती नजर. नवा चालक बॉनेटच्या पुढचे दहा मीटर बघत चालवतो, त्यामुळे सगळं त्याच्या अंगावर अचानक येतं. लांब बघायला लागलात की स्टिअरिंग आपोआप स्थिर होतं.

परीक्षकही तुमची नजरच बघत असतो. लेन बदलण्याआधी आतला आरसा, बाजूचा आरसा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर; कारण आरशात न दिसणारा पट्टा प्रत्येक गाडीला असतो आणि सायकलवाला नेमका तिथे असतो. मगच इंडिकेटर, आणि वळण्याआधी पुन्हा एकदा तिकडे बघणं. रिव्हर्स घेताना नुसता कॅमेरा बघत बसू नका, मागच्या काचेतून बघा. ‘मी बघितलं होतं’ हे उतरल्यावर सांगून उपयोग नसतो, बघितलेलं परीक्षकाला दिसावं लागतं.

गाडी एकदा बंद पडली म्हणून सहसा कुणी नापास होत नाही. शांतपणे ब्रेक धरा, न्यूट्रल करा, पुन्हा चालू करा, आजूबाजूला बघा आणि निघा. परीक्षकाला स्वतः ब्रेक मारावा लागला किंवा स्टिअरिंग धरावं लागलं, तर मात्र परीक्षा जवळजवळ तिथेच संपते.

पुढच्या गाडीपासून किती लांब?

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच १४ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण तेवढेच, म्हणजे एकूण २८. हाच हिशेब ताशी २५ला केला तर सगळे मिळून साडेदहा मीटर होतात, कारण वेग निम्मा झाला की ब्रेकचं अंतर पाव होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दुप्पट धरा. चालवताना मीटर मोजत बसायचे नाहीत. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की सेकंद मोजा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत निदान दोन व्हायला हवेत. पावसात चार.

बाजू बदलली असेल तर

डावीकडून चालवणाऱ्या देशातून उजवीकडच्या देशात आलात किंवा उलट, तरी पॅडल्स बदलत नाहीत : ॲक्सिलरेटर उजवीकडे, ब्रेक मध्ये, क्लच डावीकडे. पहिला गिअरही सहसा डावीकडे वरच असतो, फक्त हात बदलतो. इंडिकेटरची दांडी मात्र अनेकदा दुसऱ्या बाजूला जाते आणि वळताना वायपर चालू होतो. होऊ द्या. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर आहे. पहाटे, समोर एकही गाडी नसताना वळण घेतलं की जुनी सवय तुम्हाला चुकीच्या बाजूला नेते. म्हणून आम्ही एक तास मुद्दाम सुनसान रस्त्यांवर घेतो. गोल चौकातही नीट लक्ष द्या : उजवीकडून चालणाऱ्या देशात गाड्या घड्याळाच्या उलट फिरतात आणि तुम्ही डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देता. डावीकडून चालणाऱ्या देशात दोन्ही उलट.

गिअरची की ऑटोमॅटिक?

बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. घरात गिअरची गाडी येण्याची शक्यता असेल तर चार तास जास्त लागले तरी गिअरवर शिका. नसेल, तर ऑटोमॅटिक घ्यायला अजिबात कचरू नका. तेवढं लक्ष रस्त्याकडे राहतं.

परीक्षेची तारीख लवकर मिळते म्हणून लगेच घेऊन टाकू नका. शिक्षक शेजारी गप्प बसलेला असताना सलग तीन तास त्याला एकदाही टोकावं लागलं नाही, की आम्ही स्वतः तारीख घ्यायला सांगतो.

पहिल्या दिवशी येताना शिकाऊ परवाना, असेल तर जुनं लायसन्स, ओळखपत्र आणि नंबरचा चष्मा आणा. पातळ, सपाट तळव्याचे बूट घाला, चपला नकोत. आणि आदल्या रात्री नीट झोपून या.