जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोष निघाला? कारागीर शोधण्याआधी हे कागद बघा

घोडा पडतो पण काडतूस उडत नाही. उडालंच तर सिलिंडर आणि नळीच्या फटीतून शिशाचे कण हातावर येतात. "कारखान्यातूनच खोट आलीय हो," असं म्हणत सेकंडहँड रिव्हॉल्व्हरवाले अधूनमधून माझ्या टेबलाशी येतात. असेलही. पण गाडी अडते ती कागदांवर.

कंपनीशी किंवा दुरुस्तीवाल्याशी बोलायचं ते ज्याच्या परवान्यावर शस्त्राची नंबरासह नोंद आहे त्यानेच. नोंदीचा अर्ज सोलापूर शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात द्यायचा. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकरांनी जिल्हाधिकारी कार्यालयात. फोटो, आधार, मूळ परवाना हे नेहमीचंच.

खरा घोळ 45 दिवसांचा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान 45 दिवस गेल्यावरच शस्त्र हातात द्यायचं. लोक मोजतात स्टॅम्पपेपरवरच्या सौद्याच्या तारखेपासून! सूचना ठाण्यात पोचली तिथून मोजा. आवक शिक्का मारलेली तिची पोच व्यवहाराच्या दिवशीच मागून घ्या, कारण ती पुढे कुणाकडेच सापडत नाही. एका गृहस्थांना विकणारे काका मधल्या काळात वारले. पोच काकांच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली पुण्याच्या सुनेकडे. चार फेऱ्या झाल्या बिचाऱ्यांच्या.

मग नंबर. फ्रेमवर कोरलेला नंबर भिंगातून वाचा आणि परवान्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांच्या गोंधळातही अर्ज परत येतो.

एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला स्प्रिंग बसवून देईल, पण विनापरवाना शस्त्रदुरुस्तीला कलम 25 खाली किमान 7 वर्षं शिक्षा आहे. शिवाय कानस लागलेल्या शस्त्रात मूळ दोष होता हे कशावरून सिद्ध करणार? शस्त्रांच्या दुकानात गेलात तरी दुकानाच्या परवान्यात 'दुरुस्ती' लिहिलंय का ते बघा. काहींना फक्त विक्रीचीच मुभा असते. पावतीवर शस्त्राचा नंबर आणि तक्रार दोन्ही लिहून घ्या.

विजापूर जवळ पडतं म्हणून तिकडे निघू नका. परवान्यावर क्षेत्र 'महाराष्ट्र' असेल तर हद्द ओलांडली की तुम्हीच आरोपी. रिव्हॉल्व्हर कानपूरला सरकारी शस्त्र कारखान्यात न्यायची असेल तरी तेच, आधी क्षेत्रवाढीची परवानगी. आणि कारखान्याला पत्र लिहिताना असे सरकारी कारखाने चालवणाऱ्या जुन्या आयुध निर्माणी मंडळाचं नाव घालू नका; 1 ऑक्टोबर 2021 ला ते मोडून सात कंपन्या झाल्या.

दुरुस्ती होईतोवर रिव्हॉल्व्हर चालवून बघू नका. घोडा पडूनही काडतूस उडालं नाही, तर नळी मोकळ्या बाजूला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच सिलिंडर उघडा. ते न उडालेलं काडतूस फेकू नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा. घोड्याच्या टोकाचा मार किती खोल बसलाय ते त्यावरच दिसतं.