डेव्हनशायर हाउसचा फॅन्सी ड्रेस बॉल

लंडनच्या पिकॅडिलीतील डेव्हनशायर हाउस या वाड्यात २ जुलै १८९७ च्या रात्री झालेला वेशभूषा-नृत्यसोहळा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली, त्या ज्युबिलीच्या निमित्ताने डेव्हनशायरचे आठवे ड्यूक आणि डचेस लुईस यांनी तो दिला. पाहुणे सुमारे सातशे. खुद्द राणी आली नाही. युवराज एडवर्ड आणि त्यांची पत्नी अलेक्झांड्रा आले.

ज्युबिलीची मुख्य मिरवणूक २२ जूनला निघाली होती. त्याच रात्री पुण्यात, गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधला ज्युबिली समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. जखमी रँड मेला तो ३ जुलैला, या बॉलच्या दुसऱ्या दिवशी.

फॅन्सी ड्रेस म्हटले की ओळख लपवणे आले, असे आपल्याला वाटते. इथे सगळी धडपड ओळखू येण्याची होती. पाहुण्यांना पौराणिक किंवा ऐतिहासिक वेशात बोलावले होते आणि त्यांचे ‘दरबार’ पाडले होते : मारिया थेरेसाचा ऑस्ट्रियन दरबार, पहिल्या एलिझाबेथचा, रशियाच्या कॅथरिनचा, आर्थर राजाच्या राणीचा. प्रत्येक दरबार मिरवत आत येई. लेडी लंडनडेरी मारिया थेरेसा झाल्या, युवराज सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचे प्रमुख, तर यजमान ड्यूक सम्राट पाचवा चार्ल्स. क्लिओपात्रा मात्र दोन निघाल्या.

डचेस लुईस प्राचीन सीरियातल्या पाल्मायराची राणी झेनोबिया झाली होती. पॅरिसच्या वर्थ पेढीने शिवलेला तिचा पोशाख आजही चॅट्सवर्थला, डेव्हनशायर घराण्याच्या गावाकडच्या वाड्यात, जपून ठेवला आहे : सोनेरी वस्त्रावर तारकांसारखी जरीची नक्षी आणि मागे लोळणारा हिरवा-सोनेरी घोळ. तो अंगावर घेऊन नाचायचे कसे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारला नसावा.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. १८७० नंतर परदेशी धान्य स्वस्तात येऊ लागले आणि इंग्लंडमधल्या जमीनदारांचे उत्पन्न घटत गेले. अनेक उमरावांनी अमेरिकन धनिकांच्या मुली करून घर सावरले. मार्लबरोच्या नवव्या ड्यूकचे लग्न १८९५ मध्ये कॉन्स्युएलो व्हँडरबिल्टशी झाले होते. त्याने या रात्रीसाठी वर्थकडे कॅथरिनच्या दरबारातील फ्रेंच वकिलाचा इतका भरजरी पोशाख सांगितला, की बिल देताना आपल्यालाच संकोच वाटल्याचे वर्थने पुढे लिहिले.

बागेत एक गमतीची चकमकही झडली. बायझंटाइन सम्राज्ञी थिओडोरा होऊन आलेल्या लेडी रँडॉल्फ चर्चिल यांच्या आठवणींनुसार दोन तरुणांत द्वंद्व झाले. एकाच्या हाती धर्मयुद्धाच्या काळातली दुहाती तलवार होती, दुसऱ्याकडे दरबारी थाटाची बारीक तलवार. जखम झाली ती एका गुलाबी रेशमी मोज्याला.

बागेतच लाफायेत स्टुडिओने तंबू ठोकून पाहुण्यांची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी काहींसाठी पाहुणे नंतर पुन्हा पोशाख चढवून स्टुडिओत बसले. या छायाचित्रांचा संग्रह १८९९ मध्ये खासगीरीत्या छापून डचेसला भेट देण्यात आला. वाडा १९२४ मध्ये पाडला गेला. त्याचे लोखंडी फाटक आता रस्त्यापलीकडे, ग्रीन पार्कच्या कडेला उभे आहे.