एचआयव्ही : महामार्गापासून उंबरठ्यापर्यंत

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि रावेर-यावलच्या केळीचे ट्रक थेट दिल्लीपर्यंत जातात. त्यामुळे खानदेशात एचआयव्हीचा विषय निघाला की बोलणे ट्रकचालक आणि ढाबे यांच्यापाशीच येऊन थांबत असे. भारतातील पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आली, १९९२ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि प्रतिबंधाचा भर ‘जोखमीच्या गटां’वर राहिला. तो भर चुकीचा नव्हता. पण चालकाची घरी असलेली बायको त्या हिशेबात नव्हती. नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या विवाहितांनाही लागण होते, हे पुण्यातील एका अभ्यासाने १९९७ मध्ये दाखवून दिले. ‘निरोध वापरा’ हा सल्ला तिच्या दृष्टीने योग्य असला तरी तो अमलात आणणे तिच्या हाती नव्हते, कारण नवऱ्याकडे निरोधाचा आग्रह धरणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे किंवा स्वतःवर ओढवून घेणे.

सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, तेव्हा त्यांचा उद्देश रुग्णाला जगवणे एवढाच मानला जाई. जोडीदाराच्या बाबतीत खरी कलाटणी २०११ मध्ये मिळाली. एक बाधित आणि एक अबाधित अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून निवडून केलेल्या चाचणीत (पुणे आणि चेन्नई ही त्यांतील दोन केंद्रे) उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. औषधे रोज घेतल्यावर रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, साधारण सहा महिन्यांत चाचणीत न सापडण्याइतके खाली येते आणि ते तसेच टिकले तर लैंगिक संबंधांतून विषाणू जोडीदाराकडे जात नाही, हे पुढील अभ्यासांनी पक्के केले. त्याआधी रक्तातील सीडी-४ पेशी (शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या, विषाणू ज्यांना नष्ट करतो त्या) ठरावीक पातळीखाली येईपर्यंत औषधे दिली जात नसत. २०१७ पासून निदान होताच उपचार हे भारताचे धोरण झाले. १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झालेल्या कायद्याने संमतीविना एचआयव्हीची चाचणी करण्यास मनाई केली.

तरीही गावाकडची एसटी धरण्याआधी औषधाच्या डबीवरचे लेबल नखाने खरवडून काढणारे लोक आहेत. सासरच्यांपासून लपवलेली गोळी चुकते, चुकत राहिली की विषाणू पुन्हा वाढतात आणि मग जोडीदाराच्या रक्षणाला पुन्हा निरोधच उरतो.