स्टिअरिंगची खडखड

मोटारगाडी खराब रस्त्यावरून जाताना, ब्रेक लावताना किंवा स्टिअरिंग वळवताना पुढच्या बाजूने येणारा ठक-ठक, खडखड किंवा कटकट असा आवाज. पुष्कळदा तो कानाच्या आधी हाताला कळतो. खान्देशातल्या गॅरेजांत गिऱ्हाईक ‘स्टिअरिंग वाजतंय’ म्हणून येते, अहिराणी बोलणारा ‘गाडी खडखड करस’ एवढेच सांगतो. दोष मात्र बहुतेक वेळा चाकाजवळच्या एखाद्या सांध्यात सापडतो. लोखंड आवाज वाहून नेते, त्यामुळे हाताला बसणारा ठोका स्टिअरिंगमध्येच असेल असे नाही. एवढे लक्षात न घेतल्यामुळे अनेकांनी चांगला रॅक (स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी पट्टी) बदलून पैसे घालवले आहेत.

आजच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगचा दांडा खाली उतरून पिनियन नावाचे लहान दातेरी चक्र फिरवतो आणि ते दातेरी रॅक डावीकडे-उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना आतला सांधा (गॅरेजच्या भाषेत रॅक एंड) आणि त्यापुढे टाय रॉड एंड, म्हणजे बाहेरचा सांधा, असतो. तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या भागाला, जोडलेला असतो. जुन्या जीपगाड्यांत रॅकच्या जागी स्टिअरिंग बॉक्स आणि ड्रॅग लिंक असे, म्हणून त्या गाड्यांना खाली सांगितलेली तपासणी जशीच्या तशी लागू होत नाही. याच भागात लोअर आर्मचे (चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट (गोळी-खोबणीचा सांधा), अँटीरोल बारचा (वळणावर गाडी कमी कलू देणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड आणि शॉकअपचे (धक्के शोषणाऱ्या नळकांड्याचे) वरचे माउंटिंग दाटीवाटीने बसलेले असते. यांतला कोणताही सांधा ढिला झाला की तो वाजतो.

या सांध्यांचे आयुष्य बहुतांशी त्यांवरच्या रबरी टोपीवर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जुने रबर कडक होऊन चिरते. मग पावसाळ्यात काळ्या जमिनीतल्या रस्त्यांचा चिखल त्या चिरेतून आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि राहिलेली बारीक माती कानसीसारखी सांधा झिजवत राहते. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेपर्यंत गाडी नेणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता त्यामुळे लाटांसारखा होतो आणि सस्पेन्शनला सतत धक्के बसतात.

निदानाची सुरुवात आवाज केव्हा येतो या प्रश्नापासून होते. लहान लहान खड्ड्यांवर हलकी खुळखुळ येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. ब्रेक लावताना एकच जाड ठोका बसला तर लोअर आर्मचा बुश, उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग उडाल्यासारखा ‘टण’ आला तर शॉकअपच्या माउंटिंगमधले बेअरिंग, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना तालात टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. हा शेवटचा दोष स्टिअरिंगचा नसूनही त्याच नावावर जमा होतो. पायापाशी ठोका जाणवल्यास स्टिअरिंग कॉलमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) खालचा क्रॉस, म्हणजे वाकता सांधा, आणि त्याचा बोल्ट पाहावा. या सगळ्याच्या आधी चाकाचे नट तपासावेत. डिकीतला जॅक बांधलेला आहे का तेही. हसू येते, पण अर्धा दिवस शोधून आवाज जॅकचाच निघाल्याची उदाहरणे आहेत.

खरी परीक्षा दोन माणसांची आहे. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एक जण स्टिअरिंग दोन-तीन इंच इकडून तिकडे भरभर हलवतो आणि दुसरा खाली वाकून एकेका सांध्यावर बोटे ठेवतो. दोषी सांधा बोटाखाली ‘टुक’ करतो. निरोगी सांध्याचे दोन्ही भाग एकत्र हलतात. रॅक एंड रबरी बेलोच्या (घडीदार आवरणाच्या) आत लपलेला असतो, म्हणून बेलोच दाबून धरतात. नंतर गाडी जॅक व स्टँडवर घेऊन चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यास टाय रॉड वा रॅकचा प्ले (ढिलाई) कळतो, वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगचा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग गेले असे समजावे. लिंक रॉड मात्र एकच चाक उचलून तपासू नये: अँटीरोल बारला पीळ बसतो आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो.

दुरुस्ती सांध्यागणिक वेगळी असते. लिंक रॉड बदलणे सोपे आणि स्वस्त. टाय रॉड एंड काढण्यापूर्वी त्याचे आटे मोजून नवा तितकाच बसवतात, तरी व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) टाळता येत नाही. लोअर आर्मचे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळावेत. लोंबत्या चाकांवर आवळले तर नवा बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. रॅकच्याच आत प्ले असेल, तर त्याचा ॲडजस्टर नट अगदी थोडा थोडा फिरवून तो कमी करता येतो. हात जड पडून नट जास्त आवळला गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि जळगाव-धुळ्यावरून जाणाऱ्या महामार्ग ५३ च्या वेगात तो दोष खडखडीपेक्षा वाईट. कॉलमला हात लावण्याआधी एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबावे लागते.

बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात नेऊ नये. जॉइंट सुटला की चाक आडवे होते.