बुरशीची वाट पाहणारी बाग: शातो दिकेम

घडावर करडी बुरशी दिसली की द्राक्ष बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. फ्रान्समधल्या बोर्दोच्या दक्षिणेला, सोतेर्न भागातल्या शातो दिकेम या गोड वाईनच्या बागेत मात्र तिचीच वाट पाहतात.

याचं मूळ नदीत आहे. झाडीतून येणारी थंड सिरॉन जरा उबदार गारोनला मिळते आणि शरदात पहाटे धुकं धरतं. त्या ओलाव्यात ही करडी बुरशी, बोट्रायटिस सिनेरिया, पिकल्या मण्यांवर रुजते आणि सालीला सूक्ष्म भोकं पाडते. दुपारच्या उन्हा-वाऱ्यात त्यांतून पाणी उडतं, साखर दाट होते. पण पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी घड नासवते.

१५९३ मध्ये ही मालमत्ता सोव्हाज घराण्याकडे आली. १७८५ मध्ये त्या घरातल्या फ्रान्स्वाज-जोसेफिन यांचा विवाह लुई-अमेदे द लुर-सालुस यांच्याशी झाला, आणि तीन वर्षांत त्या विधवा झाल्या. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत तुरुंगवास सोसूनही त्यांनी बाग राखली. १८२६ मध्ये तळघर बांधलं. पॅरिसमधले अमेरिकेचे दूत थॉमस जेफरसन यांनी १७८७ मध्ये इथल्या १७८४ च्या २५० बाटल्या मागवल्या होत्या. बोर्दोच्या वाईनच्या १८५५ च्या प्रतवारीत 'प्रमिए क्रू सुपेरिअर' हा सर्वोच्च दर्जा एकट्या दिकेमला मिळाला.

बागेत बहुतांश सेमियों जातीची द्राक्षं, बाकी सोव्हिन्यों ब्लां. बुरशी सगळ्या मण्यांवर एकदम चढत नाही, म्हणून मजूर त्याच वेलींवरून पाच-सहा वेळा फिरतात आणि दर फेरीत सुरकुतलेला तेवढाच भाग काढतात. एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाईन!

रस तीन-चार दाबांत निघतो. एरवी शेवटच्या दाबाचा रस दुय्यम मानतात. इथे तोच सर्वांत गोड, कारण आक्रसलेले मणी आपला दाट रस उशिरा सोडतात. घाईने जोर लावला तर बुरशीतलं ग्लुकन हे चिकट द्रव्य रसात उतरतं आणि पुढे वाईन निवळेनाशी होते. रसातली साखर साधारण २० टक्के अल्कोहोल होण्याइतकी हवी. मग यीस्ट साडेतेरा-चौदा टक्क्यांवर दमतं आणि लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर उरते. साखर फार झाली तर यीस्ट आधीच थकतं, वाईन पाकासारखी चिकट लागते. कमी पडली तर गोडवाच राहत नाही. नंतर नव्या ओकच्या पिंपांत मुरवण. पूर्वी ती तीन वर्षांहून अधिक चाले.

लुर-सालुस घराण्यातल्या वादांनंतर १९९० च्या दशकाअखेरीस बहुसंख्य मालकी एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच कंपनीकडे गेली. वाईन मनासारखी उतरली नाही तर ती विकायचीच नाही, ही जुनी कडक शिस्त मात्र टिकली. १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची 'दिकेम' बाजारात आलीच नाही. १९७२ ला तर तोडणीच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या.